नव्वद धरा

एप्रिलच्या माझ्या यादीत दोनशे चौदा नावं होती. त्रेचाळीस जणांनी फोन उचललाच नाही. एकतीस जण मीटिंगमध्ये होते, म्हणजे तसं म्हणाले. चव्वेचाळीस जणांनी चौथ्या-पाचव्या प्रश्नाला फोन कापला. उरले शहाण्णव. त्यांपैकी एकोणऐंशी जणांनी दहापैकी दहा दिले, आठ जणांनी नऊ, आणि नऊ जणांनी त्याहून कमी. दहा देणाऱ्या एकोणऐंशींपैकी बावन्न जणांनी माझा प्रश्न पुरा व्हायच्या आतच ‘दहा’ म्हटलं होतं. ही शेवटची नोंद फॉर्ममध्ये नसते. ती मी वहीच्या मागच्या पानावर उभ्या रेघा मारून ठेवते. एम.एस्सी.ला लागलेली सवय, दुसरं काही नाही.

नवी इलेक्ट्रिक स्कूटर घेतलेल्या माणसाला तीस दिवसांनी फोन करायचा आणि तो किती समाधानी आहे ते चौदा प्रश्नांत विचारायचं, हे माझं काम. ऑफिस ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. मी राहते कोपरला. सकाळी निघताना घसा चांगला असतो, संध्याकाळी परतताना आईशी खुणांनी बोलते.

बावन्न जण घाईनं दहा का म्हणतात, हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. शोरूममध्ये चावी हातात देताना पेढ्याबरोबर एक वाक्य देतात : “कंपनीतून फोन येईल, दहाच बोला हां.” कारण आमची मोजपट्टी अशी आहे : नऊ आणि दहा म्हणजे समाधानी. आठपासून शून्यापर्यंत सगळे नाराज, म्हणजे प्रतिनिधीच्या नावावर एक लाल खूण. मधे काही नाही. आणि हे ग्राहकाला सांगायचं नाही. सांगितलं तर उत्तर बिघडतं, असं स्क्रिप्टच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय. कॉल रेकॉर्ड होतो.

त्या गुरुवारचा एकोणिसावा फोन कल्याण पूर्वेला लागला. चांगदेव शेजवळ, वय सदुसष्ट, निवृत्त शिक्षक. प्रत्येक प्रश्नाला ते आधी थांबायचे, मग उत्तर द्यायचे. मला ते आवडत होतं आणि त्रासही होत होता, कारण एका कॉलला आठ मिनिटांच्या वर दिली की पडद्यावर घड्याळ लाल होतं.

अकरावा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. “विक्री प्रतिनिधीनं तुम्हाला दिलेल्या माहितीबद्दल तुम्ही शून्य ते दहापैकी किती गुण द्याल?”

एकोणीस सेकंद शांतता. नंतर रेकॉर्डिंग ऐकून मोजली.

“सहा,” ते म्हणाले. “चांगला मुलगा आहे. फर्स्ट क्लास द्या त्याला.”

माझा हात की-बोर्डवर थांबला. साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास. ज्या माणसानं आयुष्यभर पेपर तपासले, त्याच्या हातून दहापैकी सहा म्हणजे पाठीवर थाप होती.

“सर, सहा नक्की ना?” एवढंच विचारायला परवानगी असते.

“नक्की. मी उगाच गुण वाटत नाही, बाई.”

मी सहा टाकले. प्रतिनिधीचं नाव पडद्यावर आपोआप येतं, ते मी तेव्हा पाहिलं. प्रितम म्हात्रे, डोंबिवली शोरूम. रिमार्कच्या चौकटीत लिहिलं : ‘ग्राहकाचे शब्द — चांगला मुलगा आहे. फर्स्ट क्लास द्या त्याला.’ मग पुढचा नंबर लावला.

प्रितम बी.एस्सी.ला प्रॅक्टिकलला माझा पार्टनर होता. लंबकाच्या प्रयोगात आमचा जी, म्हणजे गुरुत्वत्वरण, नऊ पूर्णांक तीन आला. मी जर्नलमध्ये नऊ पूर्णांक एकोणऐंशी लिहिला, सगळा वर्ग तेच लिहीत होता. प्रितमनं नऊ पूर्णांक तीन लिहिला आणि खाली लिहिलं, ‘दोरा ताणला जात होता.’ त्याला वीसपैकी अकरा मिळाले, मला अठरा.

संध्याकाळी सात वाजता त्याचा फोन आला. चार वर्षांनी. लाल खूण शोरूमला त्याच दिवशी कळते; ग्राहकाचं नाव नसतं, फोन करणारीचं असतं.

“मेघना, ओळखलंस का?”

“प्रितम, तू मला फोन करायचा नसतो. नियम आहे.”

“माहितीये गं. मी काय तुला बदलायला सांगत नाहीये. फक्त विचारतो, कोण होतं? शेजवळ सर ना?”

मी वहीचं पान उलटलं.

“अरे यार. मी घरी गेलेलो त्यांच्या. चार्जिंगचं पॉइंट कुठे बसवायचं ते दाखवायला. त्यांच्या मिसेसनी थालीपीठ खाऊ घातलेलं. आणि सहा?” तो हसला, पण हसू अर्ध्यातच संपलं. “मी त्यांना दहा बोला असं पण नाही सांगितलं. सरांसमोर जीभच रेटली नाही.”

“तुझं आधीचं काय?”

“फेब्रुवारीत एक लाल, नंबर प्लेट लेट आली म्हणून. मार्चमध्ये एक, सोसायटीनं चार्जिंगला नाही म्हटलं म्हणून. हा तिसरा. लागोपाठ तीन महिने लाल आला की कॉन्ट्रॅक्ट वाढवत नाहीत. सोमवारी संध्याकाळी यादी लागते.” मागे कुणीतरी हॉर्न तपासत होतं. “बाबा सांगतायत, घोडबंदरला चुलत्याच्या बिल्डिंगला वॉचमन लाग. बी.एस्सी. फिजिक्स वॉचमन. गेट किती कोनात उघडतं ते तरी मोजीन.”

“प्रितम, ठेवते.”

“ठेव. तू जे आहे तेच लिही हां,” तो म्हणाला. तो असंच म्हणणार हे मला माहीत होतं, आणि म्हणून मला त्याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी मी दिशाकडे गेले. दिशा आमची टीम लीडर. तिच्या टेबलावर तीन फोन, एक डोकेदुखीच्या बामची बाटली आणि एक कॅक्टस.

“रिमार्कमध्ये कादंबरी लिहायची नाही गं,” ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

“शब्द आणि आकडा जुळत नाहीत. अशा केसला घरी जाऊन फेरतपासणी करता येते. नियम सतरा.”

“नियम सतरा कुणी वाचलाय?”

“मी.”

तिनं मान वर केली. “तूच जा मग. सोमवारी दुपारी बाराच्या आत नवा आकडा, नाहीतर जुनाच कायम. प्रश्न तोच, शब्द तेच. मोजपट्टी समजावलीस तर तुझीच यादी लागेल. आणि शनिवारची बदली सुट्टी मिळणार नाही.”

“प्रतिनिधी माझ्या ओळखीचा आहे,” मी सांगितलं.

“ठाणे जिल्ह्यात कोण कोणाच्या ओळखीचा नाही? जा.”

शनिवारी अकराला मी शेजवळांच्या दारात होते. दुसरा मजला, लिफ्ट नाही, चौतीस पायऱ्या. खाली सायकलींच्या रांगेत निळी स्कूटर उभी होती. हँडलला अजून शोरूमचा वाळलेला हार होता.

दार त्यांच्या पत्नीनं, रंभाबाईंनी उघडलं. गळ्यातलं ओळखपत्र वाचून त्यांनी चष्मा वर केला. “ओव्हाळ का? जय भीम, ये. कुठले ओव्हाळ?”

“जय भीम. कोपरला राहतो. मूळचे मुरबाडकडचे.”

“अहो, कंपनीची मुलगी आलीय. आपलीच आहे,” त्यांनी आत हाक मारली. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या, “यांनी काही चुकीचं लिहून दिलं का? पेन्शनच्या फॉर्मवर पण ‘इतर सूचना’मध्ये दीड पान लिहिलं होतं.”

चांगदेव सर बाहेर आले. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. मी फॉर्म काढला आणि अकरावा प्रश्न शब्दन्‌शब्द वाचला.

“हे तुम्ही परवा विचारलं होतं. सहा.”

“हो, सर.”

“मग पुन्हा का?”

मी पाण्याचा पेला उचलला. संपूर्ण प्यायले. खाली ठेवला.

“अहो, तिला काहीतरी सांगायचंय आणि सांगता येत नाहीये,” रंभाबाई म्हणाल्या. “तोंड बघा तिचं.”

सर माझ्याकडे बघत राहिले. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाकडे बघतात तसं. “तुमच्याकडे सहाला काय म्हणतात?”

मी फॉर्मच्या कोपऱ्यातली स्टेपलची पिन बघत होते.

“सेकंड क्लास?”

मी पिनच बघत होते.

“नापास?”

पिन थोडी गंजलेली होती.

“बरं,” सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला. “छत्तीस वर्षं पेपर तपासले मी. दहापैकी दहा चौघांना दिले. चौघांचीही नावं सांगू शकतो.”

“नका सांगू,” रंभाबाई म्हणाल्या.

“आणि त्या मुलाचा पेपर मी न वाचताच गुण दिले, ही चूक माझी आहे. मी गुण दिले ते त्याच्या बोलण्याला. बोलला चांगला. पण त्यानं जे सांगितलं ते खरं की खोटं, हे मी कुठे तपासलं?”

ते आत गेले आणि एक व्हिजिटिंग कार्ड घेऊन आले. मागच्या बाजूला निळ्या शाईत प्रितमचं अक्षर होतं, तेच जर्नलमधलं, डावीकडे झुकलेलं. ‘कंपनी एका चार्जला १२५ किमी म्हणते. दोघं बसणार, शीळ रोडचा ट्रॅफिक. नव्वद धरा.’ खाली सही आणि तारीख.

“मी त्याला म्हटलं, लेखी दे. त्यानं दिलं. किती सेल्समन देतात?”

“माझ्या माहितीत एकही नाही,” मी म्हटलं. हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं, पण मोजपट्टीबद्दलही नव्हतं.

“मग पुनर्मूल्यांकन करू. उद्या गाडी पूर्ण चार्ज करायची आणि बंद पडेपर्यंत चालवायची. दोघांनी बसून. नव्वदला दहा गुण. म्हणजे नऊ किलोमीटरला एक. अपूर्णांक सोडून द्यायचा.”

“अहो, बंद पडेपर्यंत म्हणजे? रस्त्यात?”

“रस्त्यातच पडणार. घरात कशी पडेल?”

मी मनात गुणाकार केला. एक्क्याऐंशी किलोमीटरला नऊ. त्याच्या खाली एक मीटर गेला तरी आठ, आणि आठ म्हणजे शून्यच. हे मला माहीत होतं, सरांना नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं. शिवाय एक गोष्ट आणखी होती. गाडीचं किलोमीटर मोजणारं यंत्र खऱ्या अंतरापेक्षा दोन-तीन टक्के जास्त दाखवू शकतं. तेही मी बोलले नाही. सर स्वतःच म्हणाले, “मापाचं यंत्र गाडीवर आहे तेच. दोन्ही बाजूंना मान्य?” मी मान हलवली.

रविवारी सकाळी सहा चाळीसला सुरुवात झाली. बॅटरी शंभर टक्के, आकडा ६१२.४. मी फोटो काढला. सरांचं वजन एकाहत्तर, रंभाबाईंचं सत्तावन्न. दोघांनीही घरातल्या काट्यावर उभं राहून दाखवलं. त्यांच्या पिशवीत पोळी-भाजी, काकडी आणि पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. पिशवीचंही वजन करू म्हणाले सर, तेव्हा रंभाबाई जिना उतरायला लागल्या.

घर ते शीळफाटा चौदा किलोमीटर. जायचं, वळायचं, परत यायचं. मी शीळफाट्याला पुलाखाली उसाच्या रसवाल्याकडे बसले. रसवाल्यानं दुसऱ्या फेरीनंतर विचारलं, “मॅडम, ते आजोबा-आजी तुमचे कोण? हरवलेत का?”

“नाही. मोजतायत.”

“काय?”

“रस्ता.”

“रस्ता काय मोजायचा, खड्डे मोजा म्हणावं,” तो म्हणाला आणि ऊस चरकात घातला.

पहिल्यांदा आले तेव्हा त्र्याऐंशी टक्के. दुसऱ्यांदा, बेचाळीस किलोमीटरला, एकोणपन्नास. रंभाबाई हेल्मेट काढून पदरानं मान पुसत होत्या. “लग्नानंतर बेचाळीस वर्षांत यांनी एवढं फिरवलं नाही मला. आणि आता फिरवलं ते शीळफाट्याला.”

“बेचाळीस वर्षं आणि बेचाळीस किलोमीटर,” सर म्हणाले. “सरासरी वाईट नाही.”

ऊन चढलं. मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांमधून एकच लेन चालू होती आणि त्यात डंपर, रिक्षा, बस सगळं एकामागे एक. फोनवर प्रितमचा मेसेज आला : ‘काय झालं?’ मी फोन पालथा ठेवला. माझी पाठ दुखत होती. मी बसून होते तरी. मला वाटलं, एका आकड्यासाठी दोन म्हातारी माणसं उन्हात भाजतायत, आणि मी एक शब्द बोलले असते तर आत्ता सगळे घरी झोपलेले असते. मग वाटलं, तो शब्द बोलले असते तर सरांनी गुण दिले नसते, वाटले असते.

तिसऱ्यांदा ते अकरा वाजून दहा मिनिटांनी आले. आकडा ६८२.४. म्हणजे सत्तर किलोमीटर पूर्ण. बॅटरी तेरा टक्के. मी वहीत भागाकार केला : सत्तर किलोमीटरला सत्त्याऐंशी टक्के, तर तेरा टक्क्यांत साडेदहाच्या आत. बेरीज साडेऐंशी. भागाकार पुन्हा केला. तोच आला.

“किती येतं?” सरांनी विचारलं. माझी वही उलटी असूनही ते वाचत असावेत.

“अंदाज आहे, सर.”

“अंदाज नको. चला.”

गाडी आता कुठेही बंद पडणार होती, म्हणून मी रिक्षा केली. रिक्षावाल्याचं नाव नाथा. “त्या स्कूटरच्या मागे चला, ओव्हरटेक करू नका,” मी सांगितलं.

“पोलीस केस आहे का?”

“नाही. सर्व्हे.”

काटई नाक्यापर्यंत सगळं ठीक चाललं. मानपाड्याला बॅटरी पाच टक्क्यांवर आली असावी, कारण स्कूटरचा वेग एकदम पडला. ताशी वीस. मागे हॉर्नचा गदारोळ. एक बाइकवाला जवळून जाताना ओरडला, “काका, ढकलू का?” सरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते डाव्या कडेनं, सरळ रेषेत, हँडल न हलवता चालले होते. मला एक गोष्ट सुचली आणि मी पेन घट्ट धरलं : वेग कमी झाला की हवेचा विरोध कमी होतो. साडेदहाचा अंदाज चाळीसच्या वेगावर काढलेला होता.

“मॅडम, ही वरात काढलीय की काय?” नाथा म्हणाला. “नवरा-नवरी पुढे, मी मागे. नुसता बँड नाही.”

“जरा गप्प बसाल का?”

“बसतो. मीटर मात्र बोलत राहणार.”

मी रिक्षाच्या मीटरकडेच बघत होते. शीळफाट्यापासून दहा पूर्णांक चार. दहा पूर्णांक सहा. म्हणजे माझा अंदाज ओलांडला होता आणि स्कूटर अजून चालत होती. पुढे नेतिवलीचा चढ लागला.

चढावर स्कूटर माणसाच्या चालीनं जाऊ लागली. मी रिक्षातून उतरले आणि बाजूनं चालायला लागले. चालत त्यांना गाठता येत होतं. सरांच्या कपाळावरचा घाम हेल्मेटच्या पट्ट्याखालून गळ्यापर्यंत आला होता. पडद्यावर बॅटरी एक टक्का, आकडा ६९३.१.

“मी उतरते हो,” रंभाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “सत्तावन्न किलो कमी झाले तर चढेल. पोराचं नुकसान कशाला?”

“बस खाली.”

“अहो, पण कुणाला कळणार आहे?”

“तो दोघं म्हणाला होता, रंभा. एकट्याचा पेपर वेगळा.”

रंभाबाई उतरल्या नाहीत. त्यांनी फक्त एका हातानं सरांचा खांदा धरला आणि दुसऱ्या हातानं पोळी-भाजीची पिशवी रस्त्याकडेला माझ्याकडे टाकली. सरांनी ते आरशात पाहिलं.

“पिशवी घे परत.”

मी धावत जाऊन पिशवी रंभाबाईंच्या मांडीवर ठेवली. ६९३.२. मागे नाथानं रिक्षा आडवी घालून डंपर थांबवला होता आणि डंपरवाल्याशी भांडत होता : “दोन मिनिटं थांब रे, पेपर चालू आहे!” त्याला हे कुणी सांगितलं, मला आजही माहीत नाही.

चढ संपत आला होता. मी चालता चालता आकड्याकडे बघत होते. ६९३.३. मोटरचा आवाज जवळजवळ नव्हताच, चाकाखाली खडी चुरडल्याचा तेवढा येत होता. मग चढ संपून थोडं पुढे गेल्यावर पडदा एकदा मिणमिणला. सरांनी पाय खाली टेकवले नाहीत. स्कूटर स्वतः थांबेपर्यंत त्यांनी पाय वरच ठेवले आणि ती डावीकडे कलू लागली तेव्हा मी आणि नाथानं दोन्ही बाजूंनी धरली.

पडदा विझण्याआधी मी फोटो काढला. सरांनी हेल्मेट काढलं, खिशातलं पेन काढलं आणि फॉर्मसाठी हात पुढे केला.

“आकडा सांग,” ते म्हणाले.

“सहाशे त्र्याण्णव पूर्णांक सात,” मी वाचलं. “वजा सहाशे बारा पूर्णांक चार. एक्क्याऐंशी पूर्णांक तीन किलोमीटर.”